हेड उतरवलं की प्लेन करायलाच हवं का?

सुदामानगरकर
ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाच्या चढावर माझी जुनी मारुती ८०० तापली. रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी व्हायला लागलं, इंजिन चालू ठेवलं की रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट (सील) गेलेलं. मिस्त्रीनं हेड उतरवलं आणि मी पोचायच्या आत प्लेनिंगला, म्हणजे खालची बाजू मशीनवर घासून सपाट करायला, धाडलंसुद्धा. तापून वाकलंय का ते मापलं का, विचारलं तर म्हणाला, "उतरवलं की प्लेन करायचंच असतं."

मला हे पटत नाही. अल्युमिनियमचं हेड आहे, घासलेला धातू परत येत नाही. कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. हेड साफ करून त्यावर सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर धरायची, खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सरकवून पाहायचं. ०.०५ मिमीची पाती शिरली नाही तर मशीनवर न्यायचं कारणच काय? एवढंसं काम, तेही कुणी करत नाही, याचा संताप येतो.

लेथवाला
काका, मी हेच काम करतो. वाक वेगळा आणि पृष्ठभाग वेगळा. गॅस्केट फुटलं की दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर गरम गॅस बारीक चर पाडतो. तुमची सरळ पट्टी त्यावरून निघून जाते, बोटाच्या नखाला मात्र तो चर लागतो. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या असतात, त्या निराळ्याच. यावर नवं गॅस्केट बसवा, थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा हेड उतरवायची मजुरी कोण देणार? हलका हात मारून घेतलेला केव्हाही बरा.

रामबागेतली
बसवताना काय केलं, हे कुणीच विचारत नाही. आमच्याकडे प्लेन केलेलं हेडही पुन्हा गळलं, कारण बोल्टच्या भोकांत तेल-पाणी राहिलं होतं. टॉर्क पाना (ठरलेला जोर आला की वाजणारा) कट्ट वाजला, पण हेडवर दाब आलाच नव्हता. भोकं हवेनं कोरडी करा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत आवळा. काढताना उलट, बाहेरून आत, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

जुना फिटर
लेथवाले भाऊ, चराचं तुमचं म्हणणं मान्य. पण तापून वाकलेलं हेड खालूनच वाकत नाही, सगळंच वाकतं. या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्येच बसतो. तुम्ही खालची बाजू आरशासारखी केलीत, तरी वर कॅमच्या जागा वाकड्याच राहिल्या. असं हेड प्लेन करणं म्हणजे दुखणं झाकणं. मोजल्याशिवाय हे कळणार कसं?

लेथवाला
मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं? नवं हेड घ्या? भंगारातलं आणलं तर ते आधी किती वेळा तापलंय, कोण सांगणार? मी तरी प्लेनच करीन.

सुदामानगरकर
आज हेड परत आलं. फिटरकाकांचं वाचून, रॉकर (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या दांड्या) काढून कॅम हातानं फिरवून पाहिला. अर्धी फेरी सहज, पुढे एका जागी जड, दर फेरीला त्याच जागी. प्लेनिंगचे पैसे देऊन झालेत. उद्या सकाळी हेड घेऊन दुसऱ्या मिस्त्रीकडे जातोय, पट्टी आणि गेज माझे स्वतःचे नेणार आहे.