परवडणारा समुपदेशक सुचवा – अर्जंट

खिडकीपाशी: चांगला समुपदेशक हवाय, परवडणारा. एका ठिकाणी जाऊन आलो. पाऊण तासाचे १५०० घेतले आणि दर आठवड्याला या म्हणाले. महिन्याला सहा हजार कुठून आणू? गूगल करून झालंय, तो सल्ला नको. मराठी बोलणारा हवा. लवकर सांगा.

चिंगी: गाव कुठलं? कोणासाठी? वय काय? तुम्ही पुण्यात आहात की पॅरिसमध्ये, आम्हाला कसं कळणार?

भाऊसाहेब: पुण्याचं मुक्तांगण, व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ पासून आहे. मेव्हण्याची सुटली.

खिडकीपाशी: दारू कुठून आली मध्येच? आईसाठी हवाय. डोंबिवली.

प्राणवायू: पहाटे अनुलोम-विलोम, बाकी काही नको. गोळ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका, एकदा चिकटल्या की सुटत नाहीत.

थर्मामीटर: काहीही काय! नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. फक्त आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. धागाकर्ते, झोप-जेवण कसं आहे? थायरॉईड, बी-१२ बघितलं का? समुपदेशकाची पाटी कोणीही लावतं हो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा.

प्राणवायू: आमच्या आजीने सात मुलं वाढवली, कुठे होता तिला सायकॉलॉजिस्ट?

थर्मामीटर: आजीला कधी कोणी विचारलं होतं का, कशी आहेस म्हणून?

प्राणवायू: प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खिडकीपाशी: भांडा तुम्ही. आई ६१ ची. बाबा फेब्रुवारीत गेले. तीनला जागी होते ती होतेच. एक पोळी जेमतेम. भिशीच्या बायका आल्या तर दार उघडत नाही. थायरॉईडची गोळी चालू आहे, तपासणी दोन वर्षांत नाही.

चिंगी: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं, दादा.

लोकल_लेट: ठाण्याला आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था, १९९० पासून. फोन करून फीबद्दल मोकळेपणाने विचारा.

खिडकीपाशी: ठाण्याचं नाव काढायची सोय नाही. "मला ठाण्याला टाकताय का?" म्हणून दोन दिवस जेवली नाही.

लोकल_लेट: हाहा, आमच्या वाड्यातही हीच धमकी होती. ठाण्याच्या मनोरुग्णालयाला शंभरावर वर्षं झाली, नाव अजून भीती घालायलाच वापरतात. मग कळव्याला जा! ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. मेडिकल कॉलेज आहे, मानसोपचार विभाग आहे, खर्च खाजगीच्या मानाने नगण्य. थायरॉईडही तिथेच होईल. केस पेपरला सकाळीच जा.

पॉलिसीवाला: मेडिक्लेम बघा. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१. शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही विमा संरक्षण द्यावं लागतं.

थर्मामीटर: बरोबर, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. बाहेरून समुपदेशन घेतलं तर त्याचा काय उपयोग? आणि धागाकर्ते, एक स्पष्ट विचारतो. जगायचं नाही असं काही बोलतात का?

खिडकीपाशी: "मलाही न्यायला हवं होतं त्यांच्याबरोबर" म्हणते. पण हे सगळ्याच बायका म्हणतात ना?

थर्मामीटर: म्हणू देत. तुम्ही ते गांभीर्यानेच घ्या. आता लगेच १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आई फोनवर यायला हवी असं नाही, तुम्ही बोला. आज एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या. आणि त्यांना सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाल्या तर उद्याची वाट बघू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

भाऊसाहेब: मुक्तांगणबद्दल माफ करा, वडिलांचं वाचलंच नव्हतं.

खिडकीपाशी: लावला फोन. वीस मिनिटं बोलल्या बाई, घाई केली नाही. मग आईला विचारलं. बराच वेळ गप्प. म्हणाली, तसलं काही करणार नाही, पण कंटाळा आलाय. बहीण आलीय राहायला, गोळ्या तिच्याकडे. उद्या कळव्याला जातोय. आईला सांगितलंय थायरॉईड तपासायचंय आणि झोपेचंही डॉक्टरांना विचारू. पहिलं लगेच कबूल, दुसऱ्याला हूं म्हणाली.

लोकल_लेट: स्लो पकडा, कळव्याला फास्ट थांबत नाही.

चिंगी: सकाळी आठला डोंबिवलीहून स्लोमध्ये शिरायचं, एकसष्टाव्या वर्षी? रिक्षा करा हो.

लोकल_लेट: शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये? त्यापेक्षा कल्याणला उलट जाऊन बसून या.