मुलांची शी अडते तेव्हा: आपापले अनुभव लिहा

अबोली
काल सोसायटीत एका वाढदिवसाला गेले होते. केक कापायची गडबड चालली होती आणि एक तीनेक वर्षांचा मुलगा पडद्यामागे एकटाच उभा. पायांची कात्री, टाचा वर, चेहरा लाल, सोफ्याची कड मुठीत. त्याची आई म्हणाली, "शी आलीय, जोर लावतोय." मला एकदम आमची लेक आठवली. तीही अगदी अशीच उभी राहायची. पण तो जोर लावत नव्हता, आत धरून ठेवत होता. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

लेकीच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं होतं. एकदा कडक शी होते, चीर पडते, रक्ताचा थेंब दिसतो. मूल घाबरतं आणि पुढच्या वेळी धरून ठेवतं. धरलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी मोठी आणि टणक होते. मग आणखी दुखतं. म्हणून आधी दुखणं थांबवायचं, पॉटीवर बसायची सक्ती नंतर. आम्ही तेच केलं. शी मऊ ठेवणारी पावडर बरेच महिने चालली आणि तोवर डायपर मागितला तर तोही दिला. भीती गेल्यावर ती आपणहून बसू लागली.

या विषयावर आयाबाया कुजबुजत बोलतात, म्हणून मुद्दाम धागा काढला. लिहा.

चिऊची मम्मा
बरं झालं धागा काढलात. माझी साडेतीन महिन्यांची, फक्त अंगावर पिते. आठवडा होत आला, शी नाही. सासूबाई म्हणतात विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लाव. खेळतेय, शू नीट होतेय. पण मला झोप नाही. एका हाताने टाइप करतेय, चुका समजून घ्या

सिस्टर वैशाली
मी बालरोग वॉर्डात काम करते. चिऊची मम्मा, दीड महिन्यानंतर अंगावर पिणाऱ्या बाळांना कधी कधी आठवडाभरही शी होत नाही. पोट मऊ आहे, दूध ओढतेय, वजन वाढतंय आणि झाली की मऊ होते, तर हे बद्धकोष्ठ नाही. किती दिवसांनी झाली यापेक्षा कशी झाली ते बघायचं. तरी लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला.

देठ, साबणाची कांडी, काहीही घालू नका. आतली त्वचा फार नाजूक असते. काही बाळं दहा-पंधरा मिनिटं कुंथतात, लालबुंद होऊन रडतात आणि मग मऊ शी करतात. पोटाने जोर द्यायचा आणि त्याच वेळी खाली सैल सोडायचं हे त्यांना अजून जमत नसतं. नऊ महिन्यांच्या आत आपोआप जमतं. रोज बाहेरून टोचलं तर बाळ त्याचीच वाट बघायला शिकतं.

मात्र हिरवी उलटी, टणक फुगलेलं पोट, ताप, शीमध्ये रक्त, दूध न ओढणं, वजन न वाढणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि जन्मल्यावरची पहिली काळी चिकट शी दोन दिवसांत झाली नसेल तर तेही आवर्जून सांगायचं, त्यामागे आतड्याचा जन्मजात दोष असू शकतो.

नलूआजी
चिऊच्या आई, सासूबाईंवर रागावू नका हो. त्यांच्या जिवाला घोर लागलाय म्हणून सांगतात. आमच्या वेळी गुटी असायची. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, एकेकाचे वेढे मोजून आईच्या दुधात उगाळायचे. मालीशवाल्या बाई सांगतील तो शब्द प्रमाण. नातवाच्या वेळी डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईचं दूध सोडून पाण्याचा थेंबही नको. मी सहाण माळ्यावर ठेवून दिली. नातू छान वाढला.

कोकणकन्या
आजी, आमच्याकडे ती सहाण अजून आहे!! चंदन उगाळतो गणपतीत

नलूआजी
जपून ठेव गं. हल्ली तशी मिळत नाही.

रेवाचा बाबा
आमचं सगळं सहा महिन्यांनंतर सुरू झालं. पेज, रव्याची खीर, कुस्करलेलं केळं, बिस्किट दुधात. सगळं पांढरं आणि मऊ. शी मात्र शेळीच्या लेंड्यांसारखी आणि डोळ्यात पाणी. मग मुगाच्या खिचडीत पालक, दुधी, लाल भोपळा न गाळता घातला. पिकलेली पपई. काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी सालासकट कुस्करून. जेवणाबरोबर वाटीने पाणी. फरक पडला.

थोरल्याचं कारण वेगळं होतं, दूध. दिवसभर बाटली हातात, मग जेवणार कुठून? वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या वर नको असं डॉक्टरांनी बजावलं. बाटली बंद, पेला सुरू. रडारड झाली, पण भूक लागायला लागली.

शमा_लंडन
इथल्या नर्सरीतून सारखा फोन यायचा, मुलाला जुलाब होतायत, घरी न्या. चड्डी रोज खराब. जीपींनी (इथले फॅमिली डॉक्टर) पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, हे जुलाब नाहीत, पोट गच्च भरलंय. कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी पाझरते आणि मुलाला ते कळतही नाही! माझा चार वर्षांचा मुलगा "मी नाही केली" म्हणून रडायचा ते शब्दशः खरं होतं. इथे २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून मॅक्रोगॉलची, म्हणजे शी मऊ ठेवणारी पावडर हा पहिला उपाय. आधी डोस चढवत पोट रिकामं केलं, मग रोजचा ठरलेला डोस. कृपया अशा मुलांना रागावू नका गं. हे लिहिताना अजून भरून येतं.

अबोली
शमा 🤗 पिल्लाला माझ्याकडून एक पापा.

कोल्हापुरी ताई
पहिली-दुसरीची मुलं शाळेत शीला जातच नाहीत. कडी नीट लागत नाही, पाणी नसतं, वास. सकाळी सातची बस. मग घरी येईपर्यंत धरायचं. आम्ही उठायची वेळ अलीकडे आणली. नाश्ता झाला की पाच-दहा मिनिटं निवांत बसायचं, झाली तर झाली. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं म्हणे, त्याचा फायदा घ्यायचा. कमोडवर पाय लोंबकळतात म्हणून खाली लाकडी पाट. गुडघे वर आले पाहिजेत. गावी उकिडवं बसायला लागतं तिथे काही त्रासच होत नाही. पालकसभेत मी मुलींच्या संडासाच्या कडीचा विषय काढला, चार आया मागे उभ्या राहिल्या. कडी बसली!

कोकणकन्या
वा ताई! टाळ्या. आमचे आजोबा रोज नातवाला विचारतात "गाडी सुटली का?" आणि तो पळत येऊन "सुटलीऽऽ" करतो. सगळी आळी ऐकते

अनघा_ठाणे
त्या पावडरची सवय लागते का? घरचे म्हणतात आतडं आळशी होईल. आठवडाभर देऊन बंद केली, परत तेच.

सिस्टर वैशाली
नाही अनघाताई, सवय लागत नाही. ती आतड्याला ढकलत नाही, शीमध्ये पाणी धरून ठेवते. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तशीच हळूहळू कमी करायची. एरंडेल लहान मुलांना नको. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका, शीसाठीही नाही, सोन्याच्या अंगठीनेही नाही. ड्युटीवर निघते आता.

चिऊची मम्मा
झाली!!! झबलं, दुपटं, माझा गाऊन, सगळं. पिवळी, मऊ. सासूबाईंनीच धुवायला घेतलं, हसतायत. सिस्टर, थँक्यू.

नलूआजी
देव पावला. दृष्ट काढ तिची.

रेवाचा बाबा
अभिनंदन 😀 कुणी थालीपिठाचं प्रमाण देईल का, भाज्या लपवायच्या आहेत. रेवा मेथी ओळखते.

कोल्हापुरी ताई
ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी, किसलेला दुधी एक वाटी, कोथिंबीर, तीळ. मेथी नकोच, कडू लागते. पीठ दुधीच्या पाण्यातच भिजवा आणि वर लोणी द्या.