परदेशी नागरिकाशी लग्न आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा : तुमचे अनुभव

मंडळी, माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा आपल्यातलाच, पण आता परदेशी नागरिक. घरात हॉल, कपडे, पत्रिका यावर रोज खल चालतो. ती तिकडे जाणार कशी आणि कधी, हा विषय निघाला की "लग्न झालं की व्हिसा मिळतोच" म्हणून सगळे मोकळे. मिळतोच असं काही नसतं, एवढं मलाही कळतं. ज्यांनी हे सगळं निस्तरलंय त्यांनी आपापल्या देशाचं लिहा. कागद कुठले लागले, कुठे अडलं, पैसे कशात गेले. नियम बदलत असतात, तेव्हा शेवटचा शब्द त्या त्या सरकारचा, हे धरूनच चालू. परदेशी जोडीदाराला भारतात आणणाऱ्यांनीही लिहा. एजंटांनी कृपया लांब राहावं.

पानगळ :
जर्मनी. नवरा जर्मन नागरिक. अशा वेळी उत्पन्नाची अट साधारणपणे लावत नाहीत, त्यामुळे पगाराच्या बाबतीत आम्ही निवांत होतो. त्यांना हवी असते जर्मन भाषा, ए-१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीची. मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. तोंडी परीक्षेत टेबलावर कार्डं पालथी ठेवलेली असतात. उचलायचं, त्यावरच्या शब्दावरून शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचा. मला 'रविवार' आलं आणि समोरचा मुलगा माझ्याहून जास्त घाबरलेला. नीट अभ्यास केला तर काही अवघड नाही.

खरा घोळ जन्मदाखल्याचा. माझी नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा. खाली 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. याच दाखल्यावर आपल्याकडे शाळा झाली, पासपोर्ट निघाला, कोणी हूं की चूं केलं नाही. व्हिसाला मात्र चालेना. आधी नगरपालिकेत जाऊन नाव चढवून घेतलं. त्यात भारताचं अपोस्टिल (दाखला अस्सल असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का) जर्मनीत ग्राह्य धरत नसल्याने माझे दाखले वकिलातीमार्फत पडताळणीला गेले. कोणीतरी नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ वही बघून येतं. हे घाईने होत नाही आणि मध्येच फोन करूनही काही उपयोग नसतो. भाचीचा दाखला आजच कपाटातून काढून बघा.

गोदाकाठ :
यूके. आमचं रीतसर पाहून-ठरवून झालेलं लग्न. फॉर्ममध्ये नात्याचा इतिहास विचारतात: कधी भेटलात, नातं कधी सुरू झालं वगैरे. ठरवून केलेल्या लग्नाला त्यांची हरकत नाही, पण दोघं प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. आम्ही कॉलच्या नोंदी, त्याच्या भारतवारीची तिकिटं आणि लग्नाचे फोटो लावले. फोटोग्राफरने सूर्यास्तात काढलेले नाहीत हं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एका चौकटीत दिसतील असे निवडा.

अडलं ते उत्पन्नावर. 11 एप्रिल 2024 पासून अट 29,000 पौंडांची झाली, त्याआधी 18,600 होती. आम्ही नव्या नियमात सापडलो. त्यात नवऱ्याने नुकतीच नोकरी बदललेली. सोप्या मार्गाने जायचं तर एकाच ठिकाणच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि तेच आकडे बँकेत जमा झालेले दिसायला हवेत, म्हणून थांबलो. माझा भारतातला पगार हिशेबात धरलाच नाही. त्याचा तेव्हाही राग आला होता, अजूनही येतो. क्षयाची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी. शिवाय व्हिसाच्या फीवर आरोग्य अधिभार: वर्षाला 1,035 पौंड, 33 महिन्यांच्या व्हिसासाठी एकदम 3,105. सासरी आधीच सांगून ठेवा, कारण ही रक्कम ऐकून आमच्याकडे दोन दिवस कोणी बोललं नव्हतं.

शिशिर :
फ्रान्सचं थोडक्यात. तिकडची तयारी लग्नाच्या आधी सुरू होते. भारतात लग्न करायचं तर फ्रेंच वकिलातीकडून विवाहक्षमतेचा, म्हणजे लग्नाला कायद्याने आडकाठी नसल्याचा, दाखला आधी घ्यायचा, लग्नानंतर त्याची फ्रेंच दप्तरात नोंद करायची, मग व्हिसा. फ्रेंच नागरिकाच्या जोडीदाराला या व्हिसाची फी नाही. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा, हे विमानातून उतरल्यावर विसरायला होतं.

उनाडटप्पू :
ऑस्ट्रेलिया. बायको तिकडची नागरिक, जाणारा मी. एकाच वेळी दोन व्हिसांचा अर्ज (बाहेरून केला तर 309 आणि 100), फी एकदाच, निकाल मात्र दोनदा. पहिला तात्पुरता, कायमचा विचार अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी. पुरावे चार प्रकारचे मागतात: पैशांचे व्यवहार, घर कसं चालतं, लोकांत जोडपं म्हणून वावर आणि एकमेकांशी बांधिलकी. लोकांत वावराच्या पुराव्यासाठी ओळखीच्यांकडून 888 नंबरचा फॉर्म भरून घेतात. आमच्या मित्राने त्यात इतकं भरभरून लिहिलं की वाचताना मलाच संकोच झाला. घर कसं चालतं यात कामांची वाटणी लिहून द्यायची असते. माझा मसुदा वाचून बायकोने दोन वाक्यं खोडली. 'स्वयंपाक आलटून पालटून' त्यातलंच एक.

तळटीप :
अमेरिका, आणि जरा कडू. तिथे दोन रस्ते आहेत. के-१ वर, म्हणजे लग्न ठरलेल्यांच्या व्हिसावर, गेलात तर पोचल्यापासून 90 दिवसांत लग्न करावं लागतं. मी लग्न करून, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देऊन गेले. प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त मिळतं, दोन वर्षांचं. ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरायचा.

आमचं त्याआधीच फिसकटलं. कसं, ते इथे नको. पण भांडणात एक वाक्य हमखास यायचं: "माझी सही नसेल तर परत जावं लागेल." बरेच महिने मी ते खरं मानून गप्प बसले. ते खरं नव्हतं. घटस्फोट झाला असेल किंवा घरात छळ होत असेल तर बायको एकटीने अर्ज करू शकते, आणि त्यासाठी त्या 90 दिवसांची वाट बघावी लागत नाही. दाखवायचं एवढंच की लग्न खऱ्या मनाने केलं होतं. घराचा करार, एकत्र भरलेला कर, एकाच पत्त्यावर आलेली पत्रं यांच्या प्रती मी बहिणीकडे पाठवून ठेवल्या होत्या, त्यावर काम झालं. आणखी एक: नवऱ्याने आय-८६४ वर आर्थिक जबाबदारीची सही केलेली असते, ती घटस्फोटाने आपोआप सुटत नाही. भाचीला हे सगळं लग्नाआधी सांगा. अपशकुन वगैरे म्हणणाऱ्यांना म्हणू दे. पासपोर्ट स्वतःकडे, खातं स्वतःच्या नावाचं.

गोदाकाठ :
तळटीप, लिहिलंत हे बरं केलंत. यूकेमध्येही घरगुती छळ झालेल्या जोडीदारासाठी वेगळी सोय आहे, आणि तिथेही नवऱ्याची सही लागत नाही.

गावकुस :
उलटा प्रवास. बायको परदेशी, आम्ही राहतो भारतात. विशेष विवाह कायद्याखाली लग्न, म्हणजे 30 दिवसांची नोटीस आली. ती अविवाहित असल्याचा दाखला तिच्या वकिलातीकडून आणला. मग एंट्री व्हिसा आणि एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी. चौकशीला चौकीतून हवालदार घरी आले. शेजाऱ्यांची नावं लिहून घेतली, लग्नाचा दाखला उजेडात धरून पाहिला आणि नंतर चहा घेत बायकोला तिच्या देशात पोलीस भरती कशी होते ते बारकाईने विचारत बसले. तिला वाटलं हाही चौकशीचाच भाग, म्हणून तिनेही सविस्तर सांगितलं.

ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड, लगेच मिळत नाही. लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. त्यावर सुरक्षा तपासणी असतेच. कार्ड आलं तरी मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडच्या चुलत्यांना हे समजावताना, "म्हणजे ही सून सातबाऱ्यावर नको" असा त्यांनी काढलेला अर्थ अजून दुरुस्त करतोय. लग्न मोडलं तर कार्डही रद्द होऊ शकतं, हे आम्ही चुलत्यांना सांगितलेलं नाही.

मावशी (धागाकर्ती) :
दाखला काढला. नाव आहे, पण स्पेलिंग पासपोर्टहून वेगळं. आणि आडनाव लग्नानंतर लगेच बदलावं का?

पानगळ :
स्पेलिंग लग्नाआधीच दुरुस्त करा. आडनाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. हौस असेल तर व्हिसाचा अर्ज करायच्या आधी सगळीकडे बदला, नाहीतर व्हिसा लागेपर्यंत हातच लावू नका. पासपोर्ट सासरच्या नावाने, पदवी माहेरच्या आणि बँक अर्धवट, असं झालं की प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागतात.