मदत हवी आहे: टीबीचा पेशंट नि-क्षयवर (सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर) नोंदवला तर उपचार आपल्याकडे राहतात का?

धागाकर्ता: तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस. एक पेशंट, वजन ४६ किलो, तीन आठवडे खोकला, एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला डाग. दुसऱ्या बाईंच्या मानेत गाठ, बायोप्सी उद्या. दोघांनाही सरकारी दवाखान्यात जायचं नाही. नोंद केली की पेशंट तिकडे ओढतात का? सीबीनॅट (नमुन्यातला टीबीचा जंतू ओळखणारी जनुकीय चाचणी) फुकट मिळतं का? आणि औषधं?

पर्यवेक्षक_टीबी: ओढत नाही. उपचार कुणाकडे घ्यायचे ते पेशंट ठरवतो. नोंद मात्र २०१२ पासून सक्तीची आहे, २०१८ च्या अधिसूचनेनंतर ती टाळणं शिक्षापात्र. तशीही टीबीची औषधं केमिस्टच्या एच-१ रजिस्टरमध्ये (ठरावीक औषधांच्या विक्रीच्या सक्तीच्या वहीत) चढतात, आम्हाला तिथून कळतंच.
सीबीनॅट किंवा तशीच ट्रूनॅट चाचणी मोफत. गोळ्याही तुमच्या दवाखान्यातून देता येतात, तालुक्याच्या पर्यवेक्षकांशी बोलून साठा ठरवून घ्या. ४६ किलोला चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज ३, दोन महिने. पुढे तीन औषधांच्या चार महिने. दर महिन्याला वजन करा. ५० किंवा जास्त झालं तर ४ गोळ्या, हे हमखास राहून जातं.

कफ_आणि_काच: नमुन्यातच घोळ होतो. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका हवा, २ ते ५ मिली. फेसाळ लाळ आली तर डबी परत द्या. आणि तपासणीआधी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देऊ नका: चार दिवस बरं वाटतं, पण टीबीचं निदान महिनाभर लांबतं.
गाठीचं जास्त महत्त्वाचं. सर्जन सवयीने तुकडा फॉर्मॅलीनमध्ये टाकतात. त्यावर ना कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होतं, ना सीबीनॅट.

धागाकर्ता: पहिल्या पेशंटची एकच अट आहे, घरी कुणी येऊ नये. गल्लीत बोभाटा होईल म्हणतो.

पर्यवेक्षक_टीबी: नोंदवतानाच सांगा. घरच्यांची तपासणी तुमच्या दवाखान्यात करू, पण ती चुकवता येणार नाही; पाच वर्षांखालचं मूल असेल तर आधी ते. पेशंटचा पत्ता आणि मोबाईल मात्र खरा द्या. शेजाऱ्याचा नंबर दिला की एका माणसाच्या दोन नोंदी होतात, आणि पोषणाचे महिना १००० रुपये खात्यात जायचे अडतात.
तुमचेही नोंदीचे ५०० आणि उपचाराचा निकाल भरल्यावर ५००. दुसरे बहुतेकांचे राहतात, कारण सहाव्या महिन्यात निकाल कुणी भरतच नाही.

धागाकर्ता: सर्जनना फोन केला. अर्धा तुकडा सलाईनमध्ये, अर्धा फॉर्मॅलीनमध्ये चालेल?

कफ_आणि_काच: तसंच करा. सलाईनची बाटली बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पाठवा आणि दोन्हींवर लेबल आधीच लावा; बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.