पुढचा भाग वाचताना मुले मागे का वळतात?
दुसऱ्या भागात मुलांना फक्त ओळखीच्या पात्रांची पुनर्भेट हवी असते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. ओळखीचा आनंद असतोच. परंतु चांगला पुढचा भाग पहिल्या पुस्तकाचा अर्थही बदलतो, आणि मुलांना खरी ओढ त्याची असते. इंग्रज लेखक टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठीची कादंबरी 1937 मध्ये आली तेव्हा तिच्यातला गॉलम हा गुहेत राहणारा विचित्र प्राणी नायक बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या महाकथेत तीच अंगठी जीवघेणी ठरणार असल्याने लेखकाने 1951 च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले, आणि जुनी हकिकत म्हणजे बिल्बोने सांगितलेले खोटे होते, असा खुलासा पुढे केला.

माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला, ती सुट्टीत कोल्हापुरात आली असताना, रंकाळ्यावर फिरता फिरता मी हे सांगितले, तेव्हा घरी येताच तिने पहिले पुस्तक पुन्हा काढले आणि बिल्बो आणखी कुठे काय लपवतो, हे पेन्सिलीने खुणा करत शोधू लागली. केवळ पुनर्भेटीसाठी वाचणारे मूल इतक्या बारकाईने मागे वळत नाही.