मदत हवी आहे: मोठ्यांचा ऑटिझम समजणारे मानसोपचारतज्ज्ञ

सायली_आर
दादाला ऑटिझम आहे. दिवाळीपासून खोलीबाहेर येत नाही. अंघोळ नाही, ताट दाराशी ठेवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "ऑटिझम म्हटल्यावर हे असं चालायचंच." हे तसं नाहीये! कुणी चांगले असतील तर लवकर सांगा.

निशिगंध
वय? बोलतो का? गाव कुठलं?

सायली_आर
३१. बोलतो, इंजिनियर आहे. ठाणे. मध्य रेल्वेचं अख्खं टाइमटेबल पाठ होतं. आता नवीन आलं तरी उघडून बघितलं नाही.

बापूसाहेब
इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. माझा भाचा दहा दिवसांत माणसात आला.

मीही_ऑटिस्टिक
बापूसाहेब, या अवस्थेत दहा दिवस मौन धोक्याचं ठरू शकतं. सायली, जिवापाड आवडीची गोष्टही नकोशी होणं हे नैराश्याचं लक्षण आहे, ऑटिझमचं नव्हे. ऑफिसात काही बदललं का? दिवसभर चारचौघांसारखं वागून दाखवण्यात मी पार संपून गेलो होतो. आणि "कसं वाटतंय" विचारू नका, आमच्यातल्या अनेकांना ते सांगताच येत नाही. झोप लागली का, काय खाल्लं, असं विचारा. लिहून विचारलं तर उत्तम.

बापूसाहेब
अनुभवाचं सांगितलं. गोळ्यांची सवय लागण्यापेक्षा बरं.

निशिगंध
नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मनाने एकदम बंद करायच्या नसतात, एवढंच. सायली, मरणाबद्दल काही बोलतो का?

सायली_आर
ऑफिस नव्या जागी गेलं, सगळे एकाच हॉलमध्ये. तेव्हापासूनच. परवा चिठ्ठीत लिहिलं, "मी नसलो तर तुम्हाला सोपं जाईल."

निशिगंध
मग आजच हालचाल करा. टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. जास्त वाटलं तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

लंडनची_मावशी
सायली, इकडे नाइस म्हणून सरकारी आरोग्य संस्था आहे, तिच्या मोठ्यांच्या ऑटिझमवरच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे गं: समुपदेशन लेखी आणि चित्रांतून करा, उपमा-बिपमा टाळा, मध्ये थांबा, आवडीचा विषय आत आणा. छापून ने डॉक्टरांकडे.

कुलकर्णी_मुलुंड
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंत का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. जुन्या करप्रणालीत दिव्यांगांसाठीची आयकर सूटही मिळते.

मीही_ऑटिस्टिक
कुलकर्णी, आत्ता करसवलत नको हो!

सायली_आर
फोन लावला, आई बोलतेय. बाबा दादापाशी बसलेत. उद्यासाठी ठाणे-मुलुंडकडचं नाव हवंय. फक्त लहान मुलांचे नकोत.