मदत हवी आहे: बाबांच्या मेंदूभोवती रक्त साचलंय

बाबा ७६ वर्षांचे. दीड महिन्यापूर्वी कपाटाच्या उघड्या दाराला डोकं आपटलं. टेंगूळ आलं, बसलं, आम्ही विसरलो. आठवडाभरापासून डावा पाय ओढत चालतात, दिवसभर पेंगतात. 'वय झालं आता' असं मीच म्हणाले होते. आठवलं की लाज वाटते. सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे क्रॉनिक सबड्यूरल हेमाटोमा (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त) निघाला. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, ती डॉक्टरांनी थांबवली आहे. परवा ऑपरेशन.

एवढ्याशा माराने, तेही इतक्या उशिरा, असं कसं झालं? या वयात ऑपरेशन झेपेल? आणि गोळीचं काय?

प्रतिसाद १:
आईचं हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. त्याच्यावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात, हलक्या धक्क्यानेही तुटतात. रक्त हळूहळू झिरपतं. मग साचलेल्या रक्ताभोवती पापुद्रा धरतो, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात आणि त्याही पाझरतात. म्हणून लक्षणं आठवड्यांनी दिसतात. गोळीने त्यात भरच पडते.

तोवर रक्त पातळ, काळपट झालेलं असतं. त्यामुळे बहुतेकदा कवटी मोठी उघडावी लागत नाही; एक-दोन भोकं पाडून ते धुऊन काढतात आणि एक-दोन दिवस नळी ठेवतात. नळीमुळे पुन्हा साचण्याचं प्रमाण कमी होतं. तरी दहातल्या एक-दोघांना परत साचतं, तेव्हा नंतरचा स्कॅन चुकवू नका. वयाला घाबरून ऑपरेशन टाळू नका. भूल कोणती देणार, हे मात्र विचारून घ्या.

प्रतिसाद २:
गोळीचा निर्णय घरी घेऊ नका, कुणी कितीही सांगो. बंद ठेवली तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका, लवकर सुरू केली तर पुन्हा रक्तस्राव. न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांना एकमेकांशी बोलायला लावा. परवापर्यंत वाढती झोप, उलट्या, फिट किंवा पायातली ताकद आणखी कमी झालेली दिसली तर थांबू नका, लगेच इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. आत्ताच उठवून पाहिलं. चिडले माझ्यावर, पण तारीख बरोबर सांगितली.